वाचनमंडळांतील कामें

एक मुलगा मोठ्यानें वाचतो व सारा वर्ग ऐकतो. त्यांत खरोखर वाचणारे किती, हें पालकांनींही विचारण्यासारखें आहे. अमेरिकेंत हार्वे डॅनियल्स यांनीं १९९४ सालच्या ग्रंथांत वाचनमंडळांची पद्धति मांडली. चार-पांच मुलांनीं एकच पुस्तक घ्यावें. एकानें प्रश्न काढावे, दुसऱ्यानें सार सांगावें, कोणीं उतारा निवडावा, कोणीं चित्र काढावें.

सी. एस. लुईस यांची १९५० सालची 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ही अद्‌भुत कादंबरी घेऊं. कपड्यांच्या कपाटांतून एडमंड बर्फाळ नार्नियांत शिरतो व चेटकिणीनें दिलेली मिठाई खातो. त्यानें काय खाल्लें, हा आमच्या मतें प्रश्नच नव्हे. उत्तर पानावर आयतें आहे. परंतु स्वतः नार्निया पाहून आल्यावरही त्यानें धाकट्या ल्यूसीस भावंडांपुढें खोटें कां पाडलें? येथें मंडळ बोलूं लागतें. कोणी म्हणतो लाज, कोणी म्हणतो मिठाईची ओढ. उतारा निवडणाऱ्यास पुन्हां पान उलटावें लागतें. चित्रकारासही त्या क्षणींचा एडमंडचा चेहरा काढावयाचा, म्हणजे सर्वांहून बारकाईनें वाचणें आलें.

कामें मात्र प्रत्येक बैठकीस बदलावीं. अबोल मुलास नेहमीं चित्रच दिलें, तर तें अबोलच राहील. भूमिकांचे कागद नुसते भरण्यानें चर्चा यांत्रिक होते, हें डॅनियल्स यांनींही पुढें सांगितलें. तेव्हां मुलांनो, कागद बाजूस ठेवा आणि एडमंडविषयीं बोला.