डिस्कसमोरची हिरवी खूण कितपत खरी?

प्रश्न : सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ ठेवण्यासाठी आम्ही चार डिस्कचा नॅस घेतला. प्रत्येक डिस्क 4 टीबीची, आणि रेड 5 लावलेलं. एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नॅसच्या पानावर चारही डिस्कसमोर हिरवी खूण आणि 'हेल्दी' असा शेरा कायम दिसायचा. तरीही एक डिस्क अचानक बंद पडली. नवी बसवली, तर रीबिल्ड अर्ध्यावर असताना दुसऱ्याच डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर निघाले आणि काही जुन्या लग्नांचे फोटो अर्धे करडे होऊन बसले. मग ती हिरवी खूण असते तरी कशासाठी? शिवाय डिस्कची चाचणी वारंवार घेतली तर ती लवकर झिजते म्हणतात, ते खरं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात खरं तर दोन कोडी आहेत. ठणठणीत दिसणारी डिस्क अचानक कशी गेली, हे एक. आणि जी चालू होती तिच्यावर नेमके रीबिल्डच्याच वेळी खराब सेक्टर कुठून उपटले, हे दुसरं. दुसऱ्यापासून सुरुवात करू. ते सुटलं की पहिलं निम्मं सुटतं.

ते सेक्टर रीबिल्ड चालू असताना खराब झाले असण्याची शक्यता कमी. बहुधा ते कित्येक महिने तसेच पडून होते. डिस्कवरची माहिती छोट्या छोट्या सेक्टरमध्ये लिहिलेली असते. आजच्या बहुतेक डिस्कवर असा एक सेक्टर 4096 बाइटचा असतो. त्यातला एखादा वाचता येईनासा झाला, तर ते डिस्कला आपोआप कळत नाही. तो सेक्टर कोणीतरी मागावा लागतो. गोदामातला कारकून जसं मागितलेलंच पोतं उघडून बघतो आणि कोपऱ्यातल्या पोत्याला कीड लागली आहे की नाही याची त्याला दाद नसते, तसाच हा प्रकार. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो अल्बम देऊन झाल्यावर कोण उघडणार? त्यामुळे ते सेक्टर कोणी मागितलेच नाहीत.

रेड 5 मध्ये एक डिस्क गेली की तिच्यावरची माहिती उरलेल्या तिन्ही डिस्कवरून गणित करून पुन्हा तयार करतात. त्यासाठी त्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. तुमच्या नॅसच्या आयुष्यात असं सलग वाचन बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा झालं. आणि झालं ते अशा वेळी, जेव्हा गणिताला आधार द्यायला चौथी डिस्क नव्हती. हाच खराब सेक्टर महिनाभर आधी, चारही डिस्क चालू असताना सापडला असता, तर नॅसने बाकीच्या डिस्कवरून त्यातला मजकूर काढून पुन्हा लिहून टाकला असता. तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आता हिरव्या खुणेकडे येऊ. डिस्कने स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवायची, ही कल्पना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीची. आयबीएम आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या आणि त्यातून पुढे 'स्मार्ट' नावाची समाईक पद्धत आली. आजही प्रत्येक हार्ड डिस्क वीस-तीस बाबींचे आकडे जपून ठेवते : किती तास चालली, तापमान किती, किती सेक्टर बदलले वगैरे. यातल्या बहुतेक बाबींना कंपनीने एक मर्यादा ठरवून दिलेली असते. आकडा त्या मर्यादेखाली घसरला तरच डिस्क 'नापास' म्हणते, एरवी सगळं 'पास'. मर्यादा ठरवणारी कंपनीच, आणि वॉरंटीत डिस्क बदलून देणारीही तीच! त्यामुळे या मर्यादा किती सैल असतील याचा अंदाज तुम्हीच करा. शेकडो सेक्टर खराब झालेली डिस्कही पास होऊन हिरवी राहू शकते. नॅस बनवणाऱ्या कंपन्या त्यावर आपले काही निकष लावतात, पण ज्याची नोंदच नाही ते त्यांनाही दिसत नाही.

म्हणजे खूण खोटी नव्हती. 'आतापर्यंत माझ्या लक्षात आलेलं असं काही गंभीर नाही' एवढाच तिचा अर्थ. आपण तो 'सगळं उत्तम आहे' असा घेतो.

म्हणून खुणेमागचे आकडे पाहायला शिका. नॅसच्या स्टोरेजच्या पानावर डिस्क निवडली की 'स्मार्ट'ची यादी उघडते. तिच्यातले मोजकेच आकडे पुरतात. क्रमांक 5 म्हणजे बदललेले सेक्टर : खराब जागा सोडून डिस्कने राखीव जागेतला सेक्टर वापरात आणला, त्यांची संख्या. क्रमांक 197 म्हणजे ताटकळलेले सेक्टर. हे वाचता आले नाहीत, पण डिस्कने त्यांचा निकाल अजून लावलेला नाही. कारण सरळ आहे. न वाचलेला मजकूर तिने परस्पर टाकून दिला तर तो कायमचा गेला. म्हणून ती त्या जागी नवं काही लिहिलं जाण्याची वाट पाहते. लिहिताना जागा ठीक निघाली तर 197 चा आकडा एकाने कमी होतो आणि डिस्क ती जागा वापरत राहते. जागा खरोखर गेलेली असेल तर बदली सेक्टर येतो आणि 5 चा आकडा वाढतो. त्यामुळे 197 चा आकडा आज 8 आणि उद्या 0 दिसला, तर गोंधळून जाऊ नका आणि लगेच खूशही होऊ नका, शेजारचा 5 चा आकडा बघा. जोडीला 187 आणि 198 असतात, दोन्ही दुरुस्त न झालेल्या वाचनचुकांचे. काही सॉफ्टवेअर 197 ऐवजी 'सी5' असं लिहितात, तो तोच आकडा.

199 क्रमांक मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो डिस्क आणि मशीन यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर आधी डिस्क काढून नीट बसवा, केबल असेल तर बदला. निव्वळ सैल जोडणीपायी चांगल्या डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. उलट, सीगेटच्या डिस्कवर क्रमांक 1 समोर कोट्यवधींचा आकडा पाहून काहींची झोप उडते. त्या कंपनीच्या नोंदीच्या पद्धतीत एकूण वाचनं आणि चुका एकाच मोठ्या आकड्यात बसवलेल्या असतात. तो खुशाल दुर्लक्षावा.

एखादा आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, याला महत्त्व जास्त. दोन वर्षं 4 वरच थांबलेला क्रमांक 5 मला चालेल. आठवड्यात 4 वरून 40 वर गेलेला चालणार नाही.

आता पहिलं कोडं. आकडे नीट पाहिले असते तर ती पहिली डिस्क जाणार हे आधी कळलं असतं का? कदाचित, पण खात्रीने नाही. गूगलने 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निघाल्या. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट होती. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कवर इशारा देणाऱ्या चार प्रमुख आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. बॅकब्लेझ या साठवणसेवा देणाऱ्या अमेरिकन कंपनीनेही 2016 मध्ये आपला हिशेब मांडला. 5, 187, 188 (डिस्कने वेळेत पूर्ण न केलेल्या आज्ञा), 197 आणि 198 या पाचांपैकी निदान एक आकडा शून्याहून जास्त असलेल्या डिस्क, बंद पडलेल्यांमध्ये 76.7 टक्के होत्या आणि चालू असलेल्यांमध्ये 4.2 टक्के. थोडक्यात, इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा, पण न मिळाल्याने निर्धास्त होऊ नये. डिस्कमधल्या सर्किटने अचानक मान टाकली तर त्याची पूर्वसूचना कोणत्याच आकड्यात नसते.

गूगलच्या त्या अभ्यासाने उष्णतेबद्दलच्या समजालाही धक्का दिला. जरा गरम झाली की डिस्क गेली, असं साधं समीकरण त्यात आढळलं नाही. फार जास्त तापमान आणि जुनी डिस्क, अशा जोडीतच फरक ठळक होता. म्हणून नॅस माळ्यावर बंद कपाटात कोंडू नका, पण 42 अंश दिसले म्हणून बर्फही शोधू नका.

राहिला चाचणीचा प्रश्न. ती दोन प्रकारची. छोटी चाचणी साधारण दोन मिनिटांची असते. ती सर्किट, डोकी आणि पृष्ठभागाचा लहानसा भाग तपासते. ती उपयोगी आहे, पण तुमचे ते सेक्टर तिला सापडले नसते. मोठी चाचणी अख्खी डिस्क वाचून काढते. 4 टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी 150 एमबी वाचत असेल तर साडेसात तास लागतात. त्या वेळी कोणी फोटो चढवत-उतरवत असेल तर चाचणी मागे थांबते आणि आणखी लांबते. काम मात्र ती फक्त वाचण्याचं करते. खराब जागा दाखवून देईल, पण तिथला मजकूर परत आणणार नाही. एकट्या डिस्कला तो कुठून आणता येणार?

ते काम स्क्रबिंगचं. स्क्रबिंग नॅस करतो, डिस्क नव्हे. तो सगळ्या डिस्क एकत्र वाचतो, न वाचला गेलेला तुकडा बाकीच्यांवरून काढतो आणि जागेवर पुन्हा लिहितो. तुमच्याकडे नेमकं हेच राहून गेलं. आणखी एक बारकावा : डिस्कने चुकीचा मजकूरच बरोबर म्हणून दिला, तर साध्या रेड 5 ला 'काहीतरी जुळत नाही' एवढंच कळतं, चूक कोणाची ते नाही. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या पद्धतींत प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज वेगळी जपलेली असते, म्हणून तिथे खरा कोण ते ठरवता येतं. मात्र काही नॅसवर हा पर्याय फोल्डर तयार करतानाच निवडावा लागतो, मागाहून मिळत नाही. आता नव्याने सगळं मांडणारच आहात तर ती खूण करायला विसरू नका.

झिजण्याचा हिशेब आकड्यांनीच करू. छोट्या कार्यालयांच्या नॅससाठी बनलेल्या साध्या डिस्कवर कंपन्या वर्षाला 180 टीबी वाचन-लेखनाची मर्यादा सांगतात. महिन्याला एक मोठी चाचणी म्हणजे वर्षाला 48 टीबी. दर तीन महिन्यांनी स्क्रबिंग, त्याचे जास्तीत जास्त 16 टीबी. चाचणीचं वाचन या मर्यादेत धरलं तरी एकूण 64 होतात. तुमचं रोजचं काम धरूनही भरपूर शिल्लक राहते. 'चाचणी घेतली आणि डिस्क गेली' असं जे सांगतात, त्यांची डिस्क आधीच गेलेली असते, चाचणीने फक्त ते उघड केलं. रीबिल्डमध्ये उघड होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

वेळापत्रक साधं ठेवा. छोटी चाचणी आठवड्याला, मोठी महिन्याला, स्क्रबिंग तीन महिन्यांनी, आणि मोठी चाचणी व स्क्रबिंग एकाच रात्री नको. लग्नसराईत रात्रभर व्हिडिओ रेंडर होत असतील तर तारीख पुढे ढकलली तरी चालेल. रद्द मात्र करू नका. यूपीएस असू द्या. नवी डिस्क बसवण्याआधी तिचीही मोठी चाचणी घ्या, कारखान्यातून येतानाच अधू असलेली डिस्क तिथेच कळते. आणि सूचनांचा ईमेल चालू करून एक चाचणी-मेल स्वतःला पाठवून बघा. अनेकांच्या नॅसने वेळेवर ओरड केलेली असते, पण ती दुकानदाराने बसवतेवेळी घातलेल्या, कोणीच न उघडणाऱ्या पत्त्यावर. बीपचा त्रास होतो म्हणून आवाज बंद करणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं!

आता तुमच्यापुरतं. ज्या डिस्कवर खराब सेक्टर निघाले ती अजून नॅसमध्येच असेल, तर आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. चाचणी आणि स्क्रबिंग त्यानंतर, कारण आजारी डिस्कला कामाला लावण्याआधी माल बाहेर काढलेला बरा. मग मोठी चाचणी घ्या. ती नापास झाली किंवा क्रमांक 5 वाढला, तर डिस्क बदला आणि बिल शोधा. नॅसच्या साध्या डिस्कवर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. उतरवलेली ती प्रत पुसून टाकू नका. दर लग्नानंतर तिच्यात भर घाला आणि ती स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा. रेड 5 एका डिस्कच्या मृत्यूतून सावरतं, पण चुकून पुसलेलं फोल्डर, चोरी, आग किंवा कृष्णेचा पूर यांपुढे त्याचा काही उपयोग नाही.