जो प्रतिध्वनी आम्ही काढून टाकत होतो

प्रश्न : मी साताऱ्याचा. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली. लाइनवर प्रतिध्वनी येतोय अशी तक्रार आली की आमची धावपळ सुरू व्हायची. आता नात ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, ‘आबा, वायफायच्या लहरींवरून बंद खोलीत माणूस आहे का ते ओळखायचंय.’ आमच्या समजुतीप्रमाणे रडार लष्कराचं आणि विमानतळाचं, बिनतारी संदेशवहन आमचं. दोन्ही कामं एकाच यंत्रानं कशी होतील? आणि कॉलेजनं हे एकत्र शिकवावं, की आधी दोन्ही विषय वेगवेगळे पक्के करून घ्यावेत?

उत्तर : तुमच्या खात्याच्या विलायतेतल्या भाऊबंदांपासूनच सुरुवात करतो. ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोन पोस्ट खात्याकडे असत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं, की बिनतारी टेलिफोनच्या चाचणीत जवळून विमान गेलं की सिग्नल थरथरतो. त्यांच्या लेखी ती अडचण होती. अर्नोल्ड विल्किन्स या तरुण शास्त्रज्ञाला मात्र ती गोष्ट लक्षात राहिली, आणि विमानं दुरून ओळखता येतील का असा प्रश्न १९३५ साली समोर आला तेव्हा तीच कामी आली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांनी आणि रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात रिसीव्हर मांडला. प्रक्षेपक त्यांचा नव्हताच. बीबीसीच्या शॉर्टवेव्ह केंद्राच्या लहरी आकाशात होत्याच, त्या हेफर्ड जातीच्या बॉम्बर विमानावर आपटून परत येतात का, एवढंच पाहायचं होतं. सुमारे आठ मैलांपर्यंत विमान ‘दिसलं’. म्हणजे ब्रिटिश रडारची पहिली परीक्षा रेडिओ प्रसारणाच्या लहरींवर झाली. त्याआधी १९२२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या टेलर आणि यंग यांनाही पोटोमॅक नदीवर असंच आढळलं होतं : मधून जहाज गेलं आणि बिनतारी संदेश डळमळला.

तेव्हा ‘दोन्ही कामं एकत्र कशी होतील’ यापेक्षा ती वेगळी कधी झाली हे विचारायला हवं. युद्धानं रडार गुप्ततेच्या भिंतीआड नेलं, पुढे संदेशवहनाचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला, आणि अभ्यासक्रमात दोन पेपर झाले. गणित मात्र एकच राहिलं. गोंगाटातून ओळखीचा सिग्नल सर्वांत चांगला वेचणारा ‘मॅच्ड फिल्टर’ तुमची नात डिजिटल कम्युनिकेशनच्या पेपरात शिकते. तो डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ मध्ये रडारसाठी मांडला होता. फिलिप वुडवर्ड यांच्या १९५३ च्या छोटेखानी पुस्तकानं संदेशांचं माहितीशास्त्र थेट रडारला लावलं.

आता मूळ मुद्दा. तुमचा टॉवर संदेश पाठवतो. लहरी भिंती, झाडं, बस यांच्यावर आपटत, वळत, उशिरा पोचतात. संदेश काय आहे हे मोबाइलला ठाऊक नसतं, म्हणून टॉवर अधूनमधून ठरावीक, आधीपासून माहीत असलेली चिन्हं पाठवतो. मोबाइल ती पाहून वाटेत सिग्नलचं काय झालं याचा अंदाज बांधतो, तेवढी विकृती दुरुस्त करतो आणि मग तो अंदाज टाकून देतो. रडारवाल्यासाठी उलट आहे. पाठवलेला सिग्नल त्याला पाठ असतो, त्यात नवीन काही नसतं. त्याला हवा असतो तोच टाकून दिलेला अंदाज, कारण बस कुठे आहे, किती वेगानं येतेय, हे सगळं त्यातच असतं. तुमच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको : मुसळधार पावसात मायक्रोवेव्ह लिंक क्षीण होते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोबाइल कंपनीच्या सुमारे २,४०० लिंकांच्या याच क्षीणतेवरून देशभराच्या पावसाचे नकाशे काढले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. नवं यंत्र एकही बसवावं लागलं नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०२३ मध्ये सहाव्या पिढीच्या मोबाइलचे जे सहा मुख्य उपयोग ठरवले, त्यात संदेशवहन आणि संवेदन यांची सांगड हा एक आहे.

तरी दोघांच्या गरजा भांडतात, आणि शिकवताना ते भांडण झाकून चालणार नाही. अंतर दुप्पट झालं तर संदेशाची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते, प्रतिध्वनीची मात्र सोळाव्या, कारण त्याला जाऊन परत यायचं असतं. शिवाय स्वतः बोलत असतानाच कुजबुजीएवढा प्रतिध्वनी ऐकायचा असतो. बँडविड्थचा हिशेब तर कठोर आहे. वीस मेगाहर्ट्झच्या वायफायला साडेसात मीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू अंतरावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. दहा बाय बाराची अख्खी खोली त्याला एक ठिपका. पंधरा सेंटिमीटरचा फरक कळायला एक गिगाहर्ट्झ लागतो.

मग नातीचं प्रोजेक्ट कशाच्या जोरावर? हालचालीच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर प्रतिध्वनीची वारंवारता फार तर सोळा हर्ट्झनं सरकते, आणि तेवढं ईएसपी३२ या साध्या वायफाय बोर्डांच्या जोडीलाही टिपता येतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे बोर्ड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात.

तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आधी दोन्ही पक्के, मग एकत्र, हा क्रम ऐकायला सुरक्षित वाटतो. माझं मत त्याविरुद्ध आहे. दोन पेपर वेगळे शिकलेला विद्यार्थी ‘चॅनेल’ हा शब्द सूत्रात लिहितो, पण चॅनेल म्हणजे समोरची भिंत, गोदरेजचं कपाट आणि वर फिरणारा पंखा, हे त्याला कधी हाताला लागत नाही. एमआयटीत २०११ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांनी कॉफीच्या डब्यांचे अँटेना करून २.४ गिगाहर्ट्झचं रडार बांधलं. परतलेला सिग्नल पाठवलेल्या सिग्नलशी मिसळला की उरणारी वारंवारता कानाला ऐकू येईल एवढी खाली येते, म्हणून ती लॅपटॉपच्या ऑडिओ सॉकेटमध्येच घेतली. तो सगळा अभ्यासक्रम एमआयटीनं सर्वांसाठी खुला ठेवला आहे. आपल्याकडे याच्यासाठी तिसरा ऐच्छिक पेपर काढू नये, त्याच्याही नोट्स निघतील. आहे त्याच प्रयोगशाळेत, त्याच बोर्डावर पहिल्या तासाला अक्षरं पाठवावीत आणि दुसऱ्या तासाला तीच अक्षरं वापरून समोरच्याचं चालणं मोजावं.

नातीला एक सूचना. पंखा चालू ठेवून प्रयोग केला तर ती चकेल. चार फुटी पंख्याच्या पात्याचं टोक सेकंदाला एकोणीस मीटरपर्यंत जातं, म्हणजे तीनशे हर्ट्झच्या आसपासचं सरकणं. बोर्ड सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर पन्नास हर्ट्झच्या वरचं काहीही खरं दिसत नाही. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं तसं ते खोट्या जागी उमटतं आणि चालणाऱ्या माणसासारखं भासतं. सॅम्पलिंगचा सिद्धांत तिनं परीक्षेत सोडवला असेल, इथे तो तिला छतावर सापडेल. प्रयोगशाळेच्या वहीत पंख्याची नोंद जरूर करावी.

आणखी एक गोष्ट तिच्या अहवालात यायलाच हवी. वायफायची लहर विटांची भिंत ओलांडते. शेजारच्या घरात कोण कधी उठतं हेही अशा बोर्डाला कळू शकतं. कुणाची मोजणी करायची त्याची आधी परवानगी घ्यावी, आणि नोंदी कुठे ठेवल्या, कधी पुसल्या ते लिहावं.

परवानगीचा पहिला मान तुमचा. पंखा बंद करा, दोन बोर्डांच्या मध्ये खुर्ची टाका आणि पाच मिनिटं अगदी स्वस्थ बसा. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर हलते, त्यानं परतणाऱ्या लहरीची वाट सेंटिमीटरभर बदलू शकते. पहिल्या जागी काही दिसणार नाही कदाचित, खुर्ची वीतभर इकडेतिकडे सरकवावी लागेल. मग आलेखात मिनिटाला बारा ते वीस संथ चढउतार मिळतात का ते नातीला शोधू द्या, तोवर तुम्ही मनात स्वतःचे श्वास मोजा, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा.