शिष्य निघतो तेव्हा



दहावी-बारावीचे निकाल लागले की मैदानावरची काही मुले दिसेनाशी होतात. कोणी मोठ्या क्लबात जातो, कोणाला दूरच्या महाविद्यालयात खेळाच्या जोरावर प्रवेश मिळतो, तर कोणाच्या घरी 'आता खेळ पुरे' असे ठरते. सात-आठ वर्षे रोज पहाटे त्या मुलाची वाट पाहणारा प्रशिक्षक मात्र तिथेच असतो. पुष्कळदा ही बातमी त्याला मुलाकडून कळतच नाही, दुसऱ्याच कोणा पालकाकडून कळते. निरोप घ्यायचा राहून जातो. मुलांच्या पुढच्या वाटेविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मागे राहणाऱ्या माणसाचा थोडा विचार करू या.

या ताटातुटीत प्रशिक्षकालाच अधिक का लागते? ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे. उपकार करणारा माणूस उपकार घेणाऱ्यावर जितके प्रेम करतो, तितके उलट बाजूने का होत नाही? लोक म्हणत, हा सावकार आणि ऋणको यांच्यासारखा मामला आहे. सावकाराला वाटते ऋणको जगावा, ऋणकोला वाटते सावकार नसावा. अॅरिस्टॉटलला हे उत्तर पटत नाही. सावकाराला ऋणकोची माया नसते, त्याला आपल्या पैशांची काळजी असते. उपकार करणारा मात्र काही परत मिळणार नसले तरी माया करतो. तो कारागिरासारखा असतो. कारागिराचे आपल्या कृतीवर जितके प्रेम असते, तितके त्या कृतीत जीव आला तरी तिचे कारागिरावर असणार नाही. जे कष्टाने मिळवले ते अधिक प्रिय होते, असेही तो म्हणतो आणि आईचा दाखला देतो.

हे वाचताना आम्हांला मैदानावरचा प्रशिक्षक डोळ्यांपुढे दिसतो. परंतु एका ठिकाणी हा दाखला तोकडा पडतो. सुताराने केलेली खुर्ची उठून दुसऱ्या सुताराकडे जात नाही. मूल जाते. त्याला स्वतःची इच्छा असते, आणि ती असावी म्हणूनच तर त्याला शिकवलेले असते.

हैदराबादचे पुल्लेला गोपीचंद यांची हकिगत याच जागी येते. 2001 साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकलेला हा बॅडमिंटनपटू पुढे प्रशिक्षक झाला. त्यांच्या हाताखाली सायना नेहवालने 2012 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. 2014 साली सायना त्यांना सोडून बंगळुरूला विमल कुमार यांच्याकडे सरावाला गेली. गोपीचंद यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले की, अगदी जवळचे काहीतरी आपल्यापासून हिरावून नेले जात आहे असे तेव्हा वाटले. जाऊ नकोस अशी आपण तिला विनवणीही केली होती. त्याच काळात पी. व्ही. सिंधू वर येत होती. सायनाकडे दुर्लक्ष करण्याचा आपला हेतू कधीच नव्हता, असेही ते म्हणाले. पण दोन शिष्यांना एकच गुरू पुरवायचा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दोन मुले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको!

नव्या ठिकाणी सायना 2015 साली जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. जुन्या प्रशिक्षकाने तो दिवस कसा काढला असेल? आपल्या हातून सुटलेले मूल दुसऱ्याच्या हाताखाली अधिक चमकते, तेव्हा सावकार चरफडतो आणि कारागीर आनंदतो. एकाच माणसाच्या मनात त्या दिवशी दोघेही असू शकतात. 2017 साली सायना पुन्हा गोपीचंद यांच्याकडे परतली, आणि त्यांनी तिला घेतले. हिशेब मांडत बसलेल्या माणसाला हे जमले नसते.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांची रीत निराळी होती. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणे मिळे. बाद झाला नाही तर नाणे सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. 1989 च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांचा हा मुलगा कराचीत पहिली कसोटी खेळला. म्हणजे सरांच्या हातून तो फार लवकर निघाला. तरी नाते सुटले नाही. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना सचिनने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सर एकदाही 'चांगला खेळलास' म्हणाले नाहीत, मुलगा हुरळून जाईल म्हणून. आता सामनेच उरले नाहीत, आता तरी म्हणायला हरकत नाही, असेही तो हसत म्हणाला. जानेवारी 2019 मध्ये सर गेले, तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत सचिन होता.

सरांच्या त्या मौनाचे अनुकरण सर्वांनी करावे असे आम्हांला वाटत नाही. प्रत्येक मुलाचे मन तेवढे घट्ट नसते. काही मुले कौतुकाच्या एका शब्दासाठी वर्षानुवर्षे थांबतात आणि मग न बोलता निघून जातात. निदान निघण्याच्या दिवशी तरी तो शब्द प्रशिक्षकाने उच्चारावा. 'तुझ्यासाठी मी काय काय केले' ही यादी त्या दिवशी वाचू नये. ती मुलाला पाठ असते. त्यापेक्षा नव्या प्रशिक्षकासाठी चार ओळी लिहून द्याव्यात: कोणता गुडघा दुखावलेला आहे, हरल्यावर हा किती वेळ बोलत नाही, रागावलेले त्याला कितपत चालते. सात वर्षांत जमलेले हे ज्ञान दुसऱ्या कोणाजवळ नसते, आणि ते न दिल्यामुळे नुकसान मुलाचेच होते.

आणि पालकांनो, फोनवरून निरोप धाडू नका. मुलाला बरोबर घेऊन सरांच्या किंवा मॅडमच्या घरी जा, आणि बोलायचे ते त्यालाच बोलू द्या. शब्द सुचले नाहीत, रडू आले, तरी मध्ये पडू नका. जूनमध्ये नवे सत्र सुरू होण्याआधी ही भेट व्हावी; एकदा कॉलेज सुरू झाले की ती राहूनच जाते.