लोकल, थांबे आणि मॅप्डबाय

"हायबरनेट घेतलंय, पण टेबलं कशी पाडायची?" हा प्रश्न मेसमध्ये ज्युनिअर्स हमखास विचारतात. त्यांना मी आमच्याच मिनी-प्रोजेक्टची फजिती सांगतो. विषय होता ठाणे ते कल्याण लोकलचं वेळापत्रक.

एक लोकल अनेक स्थानकांवर थांबते, एका स्थानकावर अनेक लोकल थांबतात. सरळसरळ मेनी-टू-मेनी! आम्ही 'लोकल' क्लासमध्ये स्थानकांचा सेट ठेवला, ॲनोटेशन लावलं आणि मोकळे झालो. मधलं टेबल हायबरनेटने आपणहून बनवलं. त्यात दोनच कॉलम, लोकलचा आयडी आणि स्थानकाचा आयडी. मग डोंबिवलीची वेळ लिहायची कुठे? स्थानकाच्या टेबलात नाही, तिथे दिवसभर गाड्या येतात. लोकलच्या टेबलातही नाही, कारण कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, प्रत्येक ठिकाणची वेळ वेगळी. वेळ त्या दोघांच्या भेटीची असते. म्हणून भेटीलाच क्लास केला, 'थांबा'. त्यात लोकल, स्थानक, क्रमांक, वेळ, फलाट. मेनी-टू-मेनी गेलं, त्याजागी दोन वन-टू-मेनी आली. फास्ट गाडी असेल तर थांब्याच्या ओळी कमी, एवढाच फरक.

खरी गंमत सबमिशनच्या आदल्या रात्री. स्लो लोकलचे आठ थांबे यादीत टाकून सेव्ह केलं, स्क्रीनवर आठही दिसले. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तर यादी रिकामी! रात्री दोनपर्यंत आम्ही हायबरनेटला शिव्या घालत होतो. शेवटी मायएसक्यूएलमध्ये डोकावलो. कॅस्केडमुळे आठ ओळी होत्या, पण लोकलच्या कॉलममध्ये सगळीकडे नल.

चूक आमचीच. लोकलच्या बाजूला 'मॅप्डबाय' लिहिणं म्हणजे "चावी माझ्याकडे नाही, समोरच्याकडे आहे" असं सांगणं. फॉरेन की थांब्याच्या टेबलात असते, त्यामुळे हायबरनेट फक्त थांब्यातलं 'लोकल' हे फील्ड बघतं. आम्ही यादीत थांबा टाकला, पण थांब्याला त्याची लोकल सांगितलीच नाही. जावात दोन्ही टोकांना रेफरन्स ठेवता येतो, टेबलात मात्र नातं एकाच कॉलमात राहतं.

उपाय दोन ओळींचा. लोकल क्लासमध्ये 'थांबा जोडा' अशी मेथड लिहायची, तीच यादीत टाकेल आणि थांब्यात लोकलही सेट करेल. शिवाय त्या कॉलमला नॉट नल लावा, म्हणजे विसरलात तर सेव्ह करतानाच एरर येईल, रात्री दोन वाजता नाही. २००६ साली जेपीए आलं तेव्हापासून हा नियम तसाच आहे, आता जकार्ता पर्सिस्टन्स नाव झालं तरी.