तोडीची पाळी आणि संगणक : नोंदवही व कामाची वाट एकत्र कशी बांधावी?



मोळी टाकली की शेतकी गट कार्यालयात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमची तोड कधी?" वास्तविक उसाची नोंद झालेली असते. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर हे सर्व संगणकात असते. तरीही उत्तर देण्यापूर्वी कर्मचारी चिटबॉयला फोन लावतो. संगणकात एवढी माहिती असताना फोन का लावावा लागतो? या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या पाठाचा विषय आहे.

१. दोन प्रणाली, दोन कामे

कारखान्यांतून ज्या संगणक प्रणालीला 'ईआरपी' म्हणतात, ती म्हणजे सर्व खात्यांची मिळून एकच नोंदवही. शेतकी, वजनकाटा, भांडार, हिशेब, साखर विक्री या खात्यांच्या वह्या पूर्वी वेगवेगळ्या असत. एकाच सभासदाचे नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेले सापडे. ईआरपीत सभासद क्रमांक एक आणि त्याची नोंदही एकच. काट्यावर वजन झाले की तोच आकडा बिलाला जातो.

दुसरी प्रणाली 'बीपीएम', म्हणजे कार्यप्रक्रिया व्यवस्थापन. ही वही नव्हे, हा वाटाड्या समजा. एखादे काम कोठे सुरू होते, आज कोणाच्या हातात आहे, किती तासांत पुढे गेले पाहिजे आणि अडले तर कोणाला कळवायचे, हे ती पाहते. काय नोंदले आहे ते ईआरपी सांगते. काम कोठे अडले आहे ते बीपीएम सांगते. शेतकऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात.

२. अडते कोठे?

तोडीची पाळी लागणीची तारीख, जात आणि पक्वता पाहून लावतात. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा क्रम धरतात. एवढे काम ईआरपी बिनचूक करते. पण हंगाम काही कागदाप्रमाणे चालत नाही. कोणाचा ऊस तारेच्या ठिणगीने जळतो. कोणाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. कोठे रस्त्यात पाणी येते, तर कोठे टोळी मध्येच गावी निघून जाते. आपल्या जिल्ह्यात मांजरा-तेरणाकाठचा ऊस वेगळा आणि भूम-परंडा भागातील बोअरच्या पाण्यावरचा ऊस वेगळा. पाणी तुटलेला ऊस चार आठवडे उभा राहिला, तर वजन घटते आणि वर्षभराच्या कष्टाला बट्टा लागतो. म्हणून काही तोडी पाळीबाहेर द्याव्याच लागतात.

अशी तोड देण्यात गैर काही नाही. गैर हे, की तो बदल फोनवर किंवा तोंडी होतो आणि नोंदवहीत मात्र जुनीच पाळी राहते. मग बांधाला बांध असलेला शेतकरी म्हणतो, "माझ्या मागची लागण गेली अन् माझा ऊस उभाच." त्याला कारण सांगता येत नाही, कारण ते कोठेही लिहिलेले नसते. अडचणीत दिलेली तोड आणि वशिल्याने दिलेली तोड, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. संस्थेवरचा विश्वास येथूनच उडू लागतो.

३. दोन्ही जोडल्यावर काय होते?

समजा, एका सभासदाचा एक एकर ऊस जळाला. त्याने सकाळी आठ वाजता गट कार्यालयात कळवले.

पहिली पायरी : अर्जाला क्रमांक पडतो. सभासदाची व प्लॉटची माहिती ईआरपीतून आपोआप येते, पुन्हा लिहावी लागत नाही.

दुसरी पायरी : शेतकी सहायक त्याच दिवशी प्लॉटवर जाऊन पाहणी करतो व मोबाईलवर फोटो घेतो. ठरलेल्या वेळेत तो गेला नाही, तर संदेश गटप्रमुखाला जातो. शेतकऱ्याला हेलपाटा नाही.

तिसरी पायरी : ज्याला अधिकार आहे तो अधिकारी मंजुरी किंवा नामंजुरी देतो, पण कारण लिहूनच.

चौथी पायरी : मंजुरी मिळाली तरच ईआरपीतील पाळी बदलते, तोडचिठ्ठी निघते आणि टोळी व वाहन नेमले जाते.

पाचवी पायरी : काट्यावर वजन होताच काम बंद झाल्याची नोंद पडते आणि वजनाचा संदेश सभासदाला जातो.

यात मुख्य गोष्ट चौथी. पाळी बदलण्याचा दरवाजा एकच असला पाहिजे. मागच्या दाराने बदल होऊ लागला, तर कितीही महाग प्रणाली घेतली तरी फुकट.

याचा आणखी एक उपयोग आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. शिळा झाला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तोडीची वेळ आणि काट्याची वेळ शेजारी-शेजारी दिसली, की उशीर फडात झाला, रस्त्यात झाला की यार्डात, हे त्याच दिवशी कळते.

४. वारणेचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प घेतला. गावच्या केंद्रावर उसाची नोंद, तोडीची माहिती आणि वजनाचा हिशेब मिळू लागला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन संस्थेने सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशावर तीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि उत्तर मोबाईलवर घ्यायचे. ही पद्धत शेतकऱ्यांना पसंत पडली. माहिती कारखान्यात आधीपासून होतीच. फरक पडला तो ती शेतकऱ्याच्या हातात येण्याच्या वाटेत.

आपल्या राज्यात साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये 'महा-ऊस नोंदणी' ॲप आणले. नोंद करणे त्यामुळे सोपे झाले. पण नोंद म्हणजे तोड नव्हे. नोंदीपासून तोडीपर्यंतची वाट कारखान्यालाच बांधावी लागते.

५. सावधगिरी

(अ) मूळ नोंद एकाच ठिकाणी ठेवावी. सभासद, प्लॉट, वजन, बँक खाते हे ईआरपीत. बीपीएममध्ये फक्त पायऱ्या, वेळा व मंजुऱ्या. दोन्हीकडे क्षेत्र लिहू लागलो, की दोन क्षेत्रे तयार होतात.

(आ) चुकीची नोंद असेल, तर चूकही वेगाने पळते. एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात पडला, तर क्षेत्र जवळजवळ अडीचपट होते. ४० टनांचा अंदाज १०० टनांवर जातो आणि टोळ्या-वाहनांचे गणित बिघडते.

(इ) शिवारात रेंज नसते. म्हणून मोबाईलमध्ये माहिती साठवून नंतर पाठवण्याची सोय हवी. वीज नसेल तेव्हा क्रमांक असलेली कागदी चिठ्ठी चालली पाहिजे.

(ई) नियम संगणक ठरवत नाही. जळीत, पाणीटंचाई, आजारपण यांत कोणाला आधी प्राधान्य, हे संचालक मंडळाने ठरवून सभासदांपुढे ठेवावे. वाईट पद्धत संगणकात घातली, तर ती वाईटच चालते, फक्त जलद.

६. बिलाचा प्रश्न

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. एक लाख रुपयांचे बिल ३० दिवस लांबले, तर हे व्याज सुमारे १,२३३ रुपये होते. कारखान्याकडे पैसाच नसेल, तर प्रणाली तो निर्माण करणार नाही. परंतु अनेकदा बिल अडते ते चुकीचा खाते क्रमांक किंवा वारस नोंद यासारख्या कारणाने. असे बिल दहाव्या दिवशीच वेगळे निघून संबंधिताच्या टेबलावर आले, तर चौदावा दिवस चुकणार नाही.

७. सभासदांनी काय करावे?

१) नोंद देताना सात-बारा, लागणीची खरी तारीख आणि जात द्यावी. तारीख मागे ओढून पाळी लवकर मिळत नाही. पाहणीत ती उघडी पडते.
२) मोबाईल नंबर किंवा बँक खाते बदलल्यास गट कार्यालयात लगेच कळवावे.
३) तोंडी विनंती न करता अर्ज द्यावा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा.
४) आपल्या शिवाराची पाळी आणि पाळीबाहेर दिलेल्या तोडी कारणासह फलकावर लावण्याची मागणी करावी. तो सभासदाचा हक्क आहे.

शेजाऱ्याचा जळालेला ऊस आधी गेला, तर कोणीही शेतकरी कुरकुर करत नाही. त्याला फक्त कारण कळले पाहिजे. तरी सर्व सभासदांनी आपल्या नोंदी वेळेत तपासून दुरुस्त करून घ्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी