रेशनचा हिशेब: गिरणीच्या काट्यापासून महिला सभेपर्यंत

रेशन दुकानात अंगठा लावला की यंत्रातून पावती निघते. निघायला हवी. ज्या गावात ‘कागदाचा रोल संपलाय’ हे महिनोन्‌महिने ऐकू येतं, तिथे रेशनचा हिशेब तपासायचं काम हाती घ्यावं. चार-पाच घरच्या बाया पुरतात. एकटीने मात्र करू नये. दुकानदार गावातलाच असतो आणि पहिला निरोप नवऱ्याकडे जातो.

आधी आपला हक्क पाठ करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात, कलम १३ प्रमाणे, घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई शिधापत्रिकेची कुटुंबप्रमुख असते. ‘तुमच्या मालकांना पाठवा’ असं कुणी म्हणालं तर हे कलम सांगायचं.

मग तीन महिने वही. रकाने थोडेच ठेवा: तारीख, गहू, तांदूळ, पावती मिळाली का, पैसे घेतले का, घरी भरलेलं वजन. वजनासाठी नवा काटा आणायला नको. दुकानातून निघालेली पिशवी उघडण्याआधी दळणाच्या गिरणीवर ठेवायची, गिरणीवाला काय म्हणतो ते तिथेच लिहायचं. आमच्या एका गटात पहिल्याच महिन्यात २० किलोच्या पिशव्या साडेअठरा भरल्या. त्यावर लगेच भांडायला जाऊ नका. एका महिन्याची तूट ‘चुकून झालं’ म्हणून सुटते, तीन महिन्यांची सुटत नाही.

वही भरत असताना घरातल्या कॉलेजच्या मुलीला ई-पॉसच्या, म्हणजे दुकानातल्या त्या यंत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर बसवा. कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकला की कोणत्या महिन्यात किती धान्य ‘दिलं’ ते दिसतं. तो पडदा छापून वहीत चिकटवा. यंत्रात २० आणि वहीत १५ असेल, तर पुढचं सगळं त्या ५ किलोंसाठी.

आता अर्ज. माहिती अधिकाराचा अर्ज माणसाच्या नावाने करायचा, बचत गटाच्या लेटरहेडवर नाही. नमुना ‘जोडपत्र अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तोही लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून कहाणी लिहू नका. ‘धान्य कमी का देता?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही. ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. असा:

‘आमच्या गावातील रास्त भाव दुकानास एप्रिल ते जून या महिन्यांत मंजूर झालेले नियतन, प्रत्यक्ष पोहोचलेले धान्य, महिनाअखेरची शिल्लक यांच्या नोंदी, पुरवठा निरीक्षकाने केलेल्या तपासणीचे अहवाल, दक्षता समितीच्या सदस्यांची यादी व बैठकांची इतिवृत्ते, यांच्या प्रती मिळाव्यात.’

महिने आणि दुकानाचा क्रमांक आपापला घाला. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. दक्षता समितीची यादी आली की बहुतेक गावांत हशा पिकतो: आपण समितीवर आहोत हे काही सदस्य बायांना तेव्हाच कळतं.

उत्तराला ३० दिवस. तोवर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत तहसीलला चक्कर मारा. २०१८च्या शासन निर्णयाने ही वेळ नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी ठेवली आहे. दोघी जा. एक वाचते, दुसरी उतरवते. ‘कार्डनिहाय यादी खासगी आहे’ असं सांगून वाटेला लावलं, तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ दाखवा: रेशनच्या नोंदी जनतेला पाहण्यासाठी खुल्या ठेवायच्या आहेत. तरी नकार आला, की ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे वाट फार पाहावी लागते, म्हणून पहिल्याच अपिलात नेट लावा.

कागद हाती आले की ते फाइलला लावू नका, मोठ्याने वाचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा हेच केलं होतं: सरकारी नोंदी लोकांसमोर वाचल्या आणि ज्यांची नावं होती त्यांनाच खरं-खोटं विचारलं. पुढे हिशेब मागता मागता तिथल्या सुशीलाबाईंनी सांगितलेला दाखला साधा होता. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवते, तो आला की हिशेब मागते. सरकार माझ्या पैशाने चालतं, मग त्याला का नको विचारू? तुम्हीही एका ओट्यावर बसा. एकीने सरकारी आकडा वाचायचा, जिचं कार्ड तिने वहीतला सांगायचा. मध्ये कुणी शेरे मारायचे नाहीत. दुकान बचत गटाकडेच असेल तर हे फार जड जातं, कारण समोर आपलीच जाऊ बसलेली असते. तरी वाचा, तिलाही बोलू द्या. कधीकधी गोदामातूनच पोती हलकी आलेली निघतात.

तफावतीचा तक्ता एका पानात बसवून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी द्या आणि महिला सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखांच्या आधी आठवडाभर दप्तर तयार ठेवा. तक्रार तहसीलदाराकडे आणि १९६७ या क्रमांकावरही नोंदवा, तक्रार क्रमांक वहीत लिहा.

सभेत ठराव झाला की हजेरीचं रजिस्टर फिरतं. ठराव तुमच्यासमोर लिहून वाचून दाखवेपर्यंत सही करू नका, अंगठाही नको. सह्यांच्या वर पान कोरं दिसलं, तर आडवी रेघ ओढून मगच रजिस्टर पुढच्या बाईकडे द्या.