वनस्पती तूप आणि वेष्टनाचे वाचन

कारखान्यात तयार होणाऱ्या अन्नाविषयी आपल्या समाजात दोन टोकांच्या समजुती आढळतात. कोणी म्हणतो, यंत्रातून आलेले ते सारे अपायकारक. कोणी म्हणतो, डबा सीलबंद आहे, म्हणजे माल शुद्धच असावयाचा. परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय घेताना शिक्षकांनी वनस्पती तुपाची हकीकत अवश्य सांगावी.

१९३७ साली ‘डालडा’ बाजारात आले. तेल तापवून, निकेलच्या सान्निध्यात त्यात दाबाखाली हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखे घट्ट होते व पुष्कळ दिवस टिकते. ज्या घरांना साजूक तूप परवडत नसे, त्यांच्या सणासुदीच्या करंज्या यात तळल्या जाऊ लागल्या आणि रिकाम्या पिवळ्या डब्यात तुळस लागली. विरोधही झाला, गांधीजींनीही तो केला. परंतु लोकांचा मुख्य रोष भेसळीवर होता. साजूक तुपात हे मिसळले तर ओळखावे कसे? म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. फरफ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या परीक्षेत तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो व भेसळ उघडकीस येते. युक्ती नामी होती. मात्र खुद्द डब्यातील पदार्थ प्रकृतीस कसा, हा प्रश्न तीमुळे सुटला नाही.

त्याचे उत्तर मिळण्यास १९९० साल उजाडले. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स मेद निर्माण होतात. हे मेद रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात, असे नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान या संशोधकांनी त्या वर्षी दाखवून दिले. शंका घेणाऱ्यांची शंका खरी ठरली, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल व मेद यांतील अशा ट्रान्स मेदांची मर्यादा २ टक्के आहे. तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणेही योग्य नव्हे. गलगंड टाळणारे आयोडीनयुक्त मीठ कारखान्यातच तयार होते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. बिस्किटांची रिकामी वेष्टने वर्गात वाचावयास द्यावीत. मजकूर बहुधा बारीक व इंग्रजीत असतो, म्हणून मैदा, साखर, पामतेल, मीठ हे शब्द आधी फळ्यावर लिहावेत. ज्याचे वजन सर्वांत अधिक, त्या घटकाचे नाव प्रथम, हा नियम मुलांना सांगावा व साखर कितवी आली ते त्यांनाच शोधू द्यावे. मग उदाहरण घालावे : १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर, पुडा ६० ग्रॅमचा, तर एका पुड्यात साखर किती? उत्तर आले की तेवढी, म्हणजे १५ ग्रॅम, साखर तराजूत तोलून काचेच्या पेल्यात ओतून दाखवावी. व्याख्यानाची मग गरज उरत नाही.

एक दक्षता मात्र घ्यावी. पहाटे मजुरीस जाणारी आई मुलाच्या हाती पुडा देते, तेव्हा तिला दुसरा इलाज असतोच असे नाही. म्हणून वेष्टने घरून मागवू नयेत. ती गावातील दुकानापुढून वेचून, धुऊन आणावीत, म्हणजे कोणाच्या घरी काय खातात हा विषय वर्गात निघत नाही.